अंगावर खाकी नसताना

ये, बस अशी जवळ. काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, यंदा उन्हाळ्यात ज्ञानगंगा अभयारण्यात स्वयंसेवक म्हणून नाव देते," तेव्हापासून मी मनातल्या मनात तुझ्याशीच बोलतेय. आईला अस्वलाची भीती वाटते. मला काळजी वेगळीच आहे, ती आधी सांगते.

स्वयंसेवक म्हणून पहिल्या वर्षी मी लोणारला होते. नवरात्रातली गर्दी. कमळजादेवीच्या दर्शनाला लोक विवराच्या उतारावरून, झाडीतून खाली उतरत होते. हातात नारळ, पेढे, पिशवीत केळी. वानरांना पिशवीतलं बरोबर कळतं. एक गृहस्थ तीनेक वर्षांच्या मुलाच्या हातात केळं देऊन त्याला वानरासमोर धरत होते, फोटोसाठी. मी सगळ्यांदेखत ओरडले. ते म्हणाले, "तुम्ही कोण सांगणार?" आणि अगं, खरंच कोण होते मी? गळ्यात एक ओळखपत्र. अंगावर खाकी नाही, दंडाची पावती फाडायचा अधिकार नाही. ते रागारागानं पुढे गेले आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच केलं. वानरानं झडप घातली, मुलाच्या मनगटावर ओरखडा उठला. त्याचं रडणं अजून माझ्या कानात आहे. (असं झालं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच सरकारी दवाखान्यात पाठवायचं. ओरखडा छोटा असला तरी.)

संध्याकाळी एका म्हाताऱ्या वनमजुरानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "बापाशी भांडू नको. पोराला काम दे." तेव्हापासून मी मुलाच्या हातात माझी दुर्बीण देते. "त्या झाडावर वानरं किती, मोज बरं," म्हणते आणि बोलता बोलता आईला केळी पिशवीच्या तळाशी ठेवायला सांगते. कुणाचा अपमान होत नाही, कुणाला ओरखडाही निघत नाही. अस्वलाआधी मला काळजी आहे ती तुझ्या तापट जिभेची.

आता अस्वल. ज्ञानगंगा म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं 205 चौरस किलोमीटरचं जंगल, आणि कडेनं गावं, शेतं. अस्वलाचं नाक फार तीक्ष्ण, पण डोळे अधू. वारूळ उकरण्यात गुंगलं की तू अगदी जवळ जाईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, आणि मग ते घाबरून अंगावर येतं. म्हणून गाडीत बसलेल्यांना गप्प बसायला सांगायचं, पण झाडीतून पायी जाताना मात्र बोलत चालायचं. हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. सातपुड्याकडे एका पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या मावशी म्हणाल्या, "बोलत जाय बाई, मुक्यानं नोको जाऊ." मोहाची फुलं पहाटे गळतात, त्यांच्यासाठी बाया जातात आणि अस्वलही त्यांच्यासाठीच येतं. त्या बायांना सुरक्षेचे धडे द्यायला जाऊ नकोस. त्यांच्याजवळ बस, ऐक.

समोर आलंच तर पळायचं नाही. हळूहळू मागे सरकायचं. अंगावर आलं तर पालथं पडून दोन्ही हातांनी मान आणि डोकं झाकायचं. बिबट्या दिसला तर उलटं: वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, तोंड त्याच्याकडेच ठेवायचं आणि लहान मूल उचलून घ्यायचं. गावात काही झालं तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक पाठ असू दे.

वाघाबद्दल लोक तुला हमखास विचारतील. त्यांना टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाची गोष्ट सांग. 2019 च्या जूनमध्ये तो निघाला आणि शेतं, रस्ते, माणसांच्या वस्त्या ओलांडत, तेराशे किलोमीटरच्या आसपास चालून डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगेत पोचला. एवढ्या वाटेत एकच माणूस जखमी झाला, आणि तोही काही लोक वाघाच्या विश्रांतीच्या झुडपात शिरले तेव्हा. मी ही गोष्ट सांगते तेव्हा पर्यटक आपणहून दोन पावलं मागे सरकतात. 'अंतर ठेवा' ही पाटी वाचून कुणी सरकलेलं मी पाहिलं नाही.

आणि बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेचं. पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्रभर बसायचं, कोण किती वाजता आलं, किती आले, ते नोंदवायचं. रात्री खाली उतरायचं नाही. तुला लाजून विचारता येणार नाही म्हणून मीच सांगते: लघवीच्या भीतीनं पाणी कमी पिऊ नकोस. मेच्या उन्हात तेच जास्त घातक. दिवसभर पी, चढण्याआधी मोकळी हो. पाळी येणार असेल तर आधी सांग, कपडे-पॅड जवळ ठेव, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मचाणावर सोबत कोण आहे ते आधी विचारून घे. वनरक्षक बाई असेल तर उत्तम, नसेल तर आणखी एक मुलगी माग. दिली नाही तर परत ये. वन्यप्राणी पुढच्या वर्षीही पाणी प्यायला येतील.

मळकट रंगाचे कपडे घे. अत्तर, पावडर काही नको. आदल्या रात्री इकडेच मुक्कामाला ये. भाकरी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी मी बांधून देते. आईशी मी बोलते.