आमच्या वेळी समुद्र होता

‘आमच्या वेळी...’ एवढं आपल्या तोंडून निघायचा अवकाश, मुलांची नजर खिडकीकडे नाहीतर मोबाइलकडे वळते. आमची कन्या तर पुढचं वाक्य स्वतःच पुरं करते. ‘समुद्र होता. कळलं, आई.’

मी मालवणकडची, रापणकराच्या घरातली. तुमच्याकडे समुद्राच्या जागी मळा असेल, नदी असेल, चाळीची गच्ची असेल. पण करतो आपण सगळे एकच. आठवण सांगायला बसतो आणि बघता बघता तिची बोलणी होतात. ‘आम्ही दिवसभर वाळूत असायचो, नाहीतर तुम्ही! सोफा सोडत नाही.’

मुलाला यातलं काय ऐकू जातं? आपल्या वाट्याला आलेलं बालपण दुय्यम आहे आणि त्यात आपलीच काहीतरी चूक आहे. खरं तर ते बिचारं बाराव्या मजल्यावर स्वतःहून राहायला आलेलं नाही. आपण आणलंय, हप्तेही आपणच भरतोय. रुखरुख आपली असते. संध्याकाळी लोकलमधून दमून उतरताना ‘या पोरांना आपण काय देतोय?’ हा प्रश्न मनात असतो, आणि घरी येऊन त्याचा राग त्यांच्यावर निघतो.

मग मी काय करते सांगू? तुलना गाळून नुसती गोष्ट सांगायचा प्रयत्न करते. जमतंच असं नाही. पण जमलं की मजा येते.

परवा रापण सांगत होते. होडीतून जाळं अर्धगोलात सोडत न्यायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे. मग दोन रांगा करून, पाय वाळूत रोवून, मागे मागे सरकत माणसं ते दोर ओढायची. आम्ही पोरं शेपटाला. आमच्या जोराने जाळं तसूभरही हललं नसतं, पण दोराला हात लागला की वाटा मिळायचा, ओंजळभर का होईना. ओल्या दोराने तळहात सोलवटायचे आणि खारं पाणी त्यात चरचरायचं. जाळं जवळ आलं की पाणी आतून उकळल्यासारखं दिसायचं. तारली, पेडवे, नशीब असेल तर बांगडे. त्यातला एखादा केंड वाळूवर पडल्या पडल्या टम्म फुगायचा.

मला एकी, कष्ट, वाटून खाणं वगैरे पोचवायचं होतं. लेकीला हवा होता फक्त केंड. तो का फुगतो? फुटतो का? तुम्ही त्याला पाय लावायचात का? खायचात का? (नाही, विषारी असतो.) अर्धा तास केंडावर गेला. जाऊ दे म्हटलं. मुलं आपल्या आठवणीतून स्वतःला हवं तेच उचलतात, आणि आपण ‘मुद्दा तो नाहीये’ म्हणालो की उठून जातात.

तिला दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे भरतीचं गणित. आमच्याकडे म्हाताऱ्यांना घड्याळ लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. एकादशीला सव्वाआठ. वेळ थोडी इकडेतिकडे होते, पण होडीवाल्याला तेवढं पुरायचं. आता आमच्या फ्रिजवरच्या कालनिर्णयासमोर ती उभी असते आणि आज दादरच्या चौपाटीवर पाणी कधी चढेल ते मला सांगते. अपूर्णांकांच्या क्लासला जाताना मात्र तिचं पोट दुखतं.

आणखी एक. आपण गोडच तेवढं सांगतो. नारळी पौर्णिमेला नारळ लढवणं, बांगड्याच्या तिखल्यातला तिरफळांचा वास. पण जून-जुलैत मासेमारी बंद असायची, तेव्हा घरात पैसा नसायचा, हे गाळतो. पेज आणि सुका बांगडा, दुसऱ्या दिवशी तेच. एरवी बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला आणि एखादी होडी परतली नसली की बायका किनाऱ्यावर जमायच्या. कोणी रडायचं नाही, कोणी बोलायचंही नाही. आम्ही मुलं काहीतरी आगाऊपणा करून धपाटे खायचो, कारण त्या शांततेपेक्षा धपाटा परवडायचा.

हे सांगितल्यावर कन्या म्हणाली, ‘मग तुला भीती वाटायची?’ हो म्हटलं, खूप. थोड्या वेळाने तिने शाळेच्या व्हॅनमधल्या एका मोठ्या मुलाचं नाव काढलं. तो रोज हिची बाटली लपवतो म्हणे. किती दिवस हे चाललंय, आम्हाला पत्ता नव्हता. ‘आज शाळेत काय झालं?’ हा प्रश्न रोज विचारूनही हाती ‘काही नाही’ एवढंच लागलं होतं.

म्हणून वाटतं, आपल्याही पोटात गोळा यायचा हे मुलांना कळू द्यावं. सगळं सांगायला हवं असं नाही. वय बघून, झोपायच्या वेळी नको. आणि वेळ नाही म्हणाल तर भाजी निवडताना, गाडीत, मोजे शोधताना सांगितलेलं चालतं. त्यासाठी गावी रिसॉर्ट बुक करावं लागत नाही.

फक्त आजीला फोन लावून देताना जरा जपून. माझ्या आईने परवा नातीला सगळं ऐकवलं. ‘तुझी आई? शाळेच्या वाटेन जायची नि रापणीर सापडायची. दप्तर होडयेत लपवून!’ आता सोमवारी सकाळी पोट दुखायला लागलं की कन्या म्हणते, ‘आई, आज रापण आहे.’