तळमळीचा विद्यार्थी

प्रत्येक वर्गांत एखाद-दुसरा विद्यार्थी असा असतो कीं, त्याजकडे शिक्षकाचें लक्ष आपोआप जातें. आपण त्यास 'हुशार' म्हणतों व प्रगतिपुस्तकांत तसा शेरा लिहून मोकळे होतों. तथापि हुशारी आणि तळमळ हे दोन निरनिराळे गुण होत. ते एकाच मुलांत एकत्र आले म्हणजे त्याच्या गुरुजनांवर व पालकांवर विशेष जबाबदारी येऊन पडते. ती कोणती, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नुसता हुशार विद्यार्थी विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर अचूक देतो. तळमळीचा विद्यार्थी कोणीं न विचारलेला प्रश्न घरीं घेऊन जातो. आमच्या नववीच्या वर्गांतील एका मुलीचें उदाहरण घ्या. घंटा झाली तरी ती मेजापाशीं घोटाळते. नेमलेला धडा सोडून पुढचे तीन वाचून येते, आणि नेमलेल्या धड्याचा गृहपाठ मात्र राहून जातो. तिच्या निबंधांत शुद्धलेखनाच्या चुका असतात. पण एखादें वाक्य असें सांपडतें कीं, तें तिचें स्वतःचें आहे हें चटकन् कळतें. भाषेंत तिला उत्तम गुण मिळतात. गणितांत ती जेमतेम उत्तीर्ण होते. निकाल पाहून तिचे वडील चिंतातुर होऊन आम्हांकडे आले, व "हिचें अवांतर वाचन बंद करावें काय?" असें त्यांनीं विचारलें.

त्याच सुमारास वर्गांत नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचा विषय निघाला होता. अस्पृश्य मानलेल्या बांधवांस मंदिरप्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं २ मार्च १९३० रोजीं हा सत्याग्रह सुरू झाला. तास संपल्यावर मुलीनें विचारलें, "गुरुजी, त्यांत तरुण विद्यार्थी कोणी होते का?" या प्रश्नाच्या उत्तराचा माग काढतां काढतां आपण थेट आपल्याच गांवीं येऊन पोहोंचतों.

१९३२ सालीं या सत्याग्रहांत भाग घेणाऱ्यांत वीस वर्षांचे विष्णु वामन शिरवाडकर होते. त्यांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२ रोजीं पुण्यास झाला. मूळचें नांव गजानन रंगनाथ. चुलत्यांनीं दत्तक घेतल्यावर तें पालटलें. वडील वकिलीनिमित्त पिंपळगांव बसवंत येथें आले, आणि मुलाचें बालपण व प्राथमिक शिक्षण येथेंच झालें. पुढें ते नाशिकच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिकले. विद्यार्थिदशेंत त्यांचें लेखन 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकांत छापून आलें; हें मासिक अमेरिकन मराठी मिशनचें, व त्याचे संपादक रेव्हरंड टिळकांचे पुत्र देवदत्त नारायण टिळक होते. १९३३ सालीं 'जीवनलहरी' हा पहिला काव्यसंग्रह निघाला. धाकट्या कुसुमचा अग्रज म्हणून 'कुसुमाग्रज' हें नांव त्यांनीं धारण केलें. १९४२ सालीं 'विशाखा' वि. स. खांडेकरांनीं प्रसिद्ध केली, आणि १९८७ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांस मिळाला. १० मार्च १९९९ रोजीं ते निवर्तले. त्यांचा जन्मदिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळतों.

'विशाखा' सर्वांस ठाऊक आहे. परंतु मुलांच्या मासिकांतील त्या पहिल्या ओळी वाचून पुढें काय होणार, हें कोणास सांगतां आलें असतें? तरीही एका संपादकानें त्यांस जागा दिली. आमच्या मतें या चरित्रांतील मोठा धडा हाच आहे.

आमच्या पालकांपैकीं पुष्कळांच्या द्राक्षबागा आहेत. त्यांस हें अधिक सांगावयास नको. एप्रिलांत खरड छाटणी होते, ऑक्टोबरांत गोड छाटणी. खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या वेळीं वेलीवर घड दिसत नाहीं, पण पुढच्या हंगामाचें पीक तेव्हांच ठरतें. त्या दिवसांत डोळ्यांस पुरेसें ऊन न मिळालें, तर मागाहून कितीही खत घातलें तरी घड भरपूर लागत नाहींत. शाळेचीं वर्षें हीं मुलांच्या घडनिर्मितीचीं वर्षें होत.

म्हणून त्या वडिलांस आम्हीं जें सांगितलें, तेंच सर्व पालकांस सांगतों. वाचन बंद करूं नका. गणितासाठीं रोज एक तास ठरवून द्या, आणि तो तास टळूं देऊं नका. वेलीस ऊन हवें तशी छाटणीही हवी. मुलाचें लेखन, चित्र किंवा प्रयोग कौतुकानें पाहा. पण चूक असेल तेथें चूक म्हणा. नुसत्या स्तुतीनें पानें वाढतात, फळ येत नाहीं. मुलगी असेल तर तिच्या प्रश्नांस "तुला काय करावयाचें आहे?" असें उत्तर देऊं नका, या एका वाक्यानें किती डोळे मिटले असतील, याची गणना कोणीं केलेली नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसही दोन शब्द. तळमळ ही नावडत्या विषयाचा अभ्यास टाळण्याची सबब नव्हे. जें आवडतें त्यासाठीं जें आवडत नाहीं तेंही नेटानें करणें, ही तिची खरी कसोटी आहे. आपला प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, उत्तर मिळेपर्यंत तो खोडूं नका. आणि लिहिलेलें दुसऱ्यास दाखविण्यास लाजूं नका. या अंकाचीं पानें त्यासाठींच आहेत.