घेवड्याचा वेल आणि पुराचं पाणी

श्रीगुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली घेवड्याच्या वेलाची कथा आपण सप्ताहात वाचतो. अमरापूरच्या दरिद्री ब्राह्मणाघरी महाराजांनी शेंगांच्या भाजीची भिक्षा घेतली आणि जाताना तो वेलच तोडला. पुढे मूळ खणताना द्रव्याचा घडा सापडला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण महाराजांनी त्या कुटुंबाला ‘ही गोष्ट कुठे बोलू नका’ असं बजावलं, ते घाईच्या वाचनात निसटून जातं. देणाऱ्यालाच वाच्यता नको होती!

हे अमरापूर कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं. वाडीला पाणी चढणं नवं नाही. उत्तरेकडून आत येऊन, पादुकांवरून वाहत ते दक्षिण दारानं बाहेर पडलं की आपण दक्षिणद्वाराच्या स्नानाला धावतो. ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं बुडाली, सांगली-कोल्हापुरात घरांत पाणी शिरलं, ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली.

मदतीला महाराष्ट्र धावला, हे खरंच. त्याच वेळी धान्याच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवलेले दिसले आणि लोक चिडले. चिडणं रास्तच. पण पुढाऱ्यांना नावं ठेवताना आपल्या कपाटाकडेही बघावं. फाटक्या साड्या, विटलेले सदरे गाठोड्यात बांधून पाठवणारे आपणच ना? घर मोकळं झालं, वर पुण्यही! अशा कपड्यांचे ढीग पूरग्रस्त गावांत तसेच पडून राहिले.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला परतफेडीची अपेक्षा नसणं जसं सांगितलंय, तसंच देश, काळ आणि पात्र पाहणंही. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल असतो. तेव्हा लागतात फावडी, खराटे, फिनेल, भांडी, जनावरांना चारा, पोरांना वह्या. बिस्किटांचे पुडे तोवर उदंड झालेले असतात. म्हणून आधी गावातल्या कुणाला तरी विचारावं, मग बाजारात जावं.

सगळाच गाजावाजा वाईट, असंही मी म्हणणार नाही. मंडळानं वर्गणी जमवली तर पै-पैचा हिशेब फलकावर लागलाच पाहिजे. तो दिखावा नव्हे. पण काल-परवापर्यंत दारी आलेल्याला जेवू घालणाऱ्या शेतकऱ्याला पिशवी धरून कॅमेऱ्यासमोर उभं करायचं, त्याची मान खाली, आपली वर... तो फोटो त्याच्या नातवंडांनीही पाहायचा असतो.