आजचे चिंतन : उत्तंकाची तहान

आजचा पाठ महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातला. कृष्णाने उत्तंक ऋषींना वर दिला होता, पाणी हवं तेव्हा माझं स्मरण करा. मरुभूमीत तहान लागली, स्मरण केलं, तर समोर कुत्र्यांसह एक मातंग पाणी घेऊन उभा! ऋषींनी ते नाकारलं. तो अमृत घेऊन आलेला इंद्र होता.

वाचकहो, नाताळच्या सुट्टीत नायगावहून गाडीने जैसलमेरपलीकडे गेलो, सम गावाजवळ तंबू ठोकला. रात्री पाण्याचा कॅन लवंडला. सकाळी एका मेंढपाळाने आपल्या घागरीतलं दिलं. धाकटी आधी घटाघटा प्यायली, मग त्या काकांना नाव विचारलं. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला होता.

उत्तंकावर मात्र कृष्ण रागावला नाही. त्याने मरुभूमीवर बरसणारे मेघ दिले. त्यांना उत्तंकमेघ म्हणतात.