जातिवंत पिल्लू घेण्यापूर्वी

ट्रस्टच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेत शिक्षण, आरोग्य अशा विषयांवर जाणत्यांचे लेख येतील. त्यांच्या पंक्तीस कुत्र्याच्या पिल्लाचा विषय बसवलेला पाहून कित्येकांस तो किरकोळ वाटेल. दोन वर्षांपूर्वी आम्हांसही तसेच वाटले असते. आमच्या घरी कुत्रा पाळण्याची रीत नाही. शेताची किंवा गुरांची राखण करणारा कुत्रा तेवढा आमच्या वडीलधाऱ्यांस मान्य. परंतु येथे तुलसी नगरात आमच्या वर्गातील एका मुलाच्या घरी जे घडले, त्यामुळे ह्या विषयाचा अभ्यास करणे आम्हांस भाग पडले.

मुलगा सातवीतला. परीक्षेत चांगले गुण मिळाल्यास लॅब्रॅडॉर जातीचे पिल्लू आणू, असा वडिलांनी शब्द दिला होता व तो त्यांनी पाळला. मोबाइलवर छायाचित्र पाहिले, भाव ठरला, आणि रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या एका मोटारीतून, रोख पैसे मोजून, पिल्लू घरी आले. विकणाऱ्याने ते दोन महिन्यांचे असल्याचे सांगितले होते. चौथ्या दिवशी त्यास उलट्या व रक्ताचे जुलाब सुरू झाले. पशुवैद्यांनी दात पाहिले, तो दुधाचे दातही पुरते आले नव्हते. पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचे होते. रोग पार्वोचा. सातव्या दिवशी ते गेले. विकणाऱ्याचा फोन त्यानंतर लागला नाही.

मुलाने शाळेत आम्हांस एकच प्रश्न केला : "सर, आम्ही त्याला नीट सांभाळलं नाही का?"

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती आले, ते येथे क्रमाने मांडतो.

प्रथम रोगाचे पाहू. पार्वोचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. चौथ्या दिवशी आजारी पडलेल्या पिल्लाने रोग बहुतेक आपल्याबरोबरच आणला होता. मुलाच्या सांभाळण्यात उणे नव्हते. उणे होते ते विकत घेण्यात, आणि तो दोष थोरांचा. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती काही आठवड्यांत ओसरते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस देऊन पुढे सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा द्यावी लागते. पिसाळरोगाची लस साधारण तीन महिन्यांनी. अनेक ठिकाणची पिल्ले एकत्र कोंबून विकणाऱ्या दलालाकडे एकाचा रोग सर्वांस लागतो.

दुसरी गोष्ट वयाची. आई व भावंडे ह्यांच्या सहवासात पिल्लू पुष्कळ शिकते. खेळता खेळता जोरात चावले की भावंड ओरडते, खेळ थांबतो, आणि दात किती लावावा हे त्यास कळते. ही शाळा लवकर सुटली तर ते भित्रे किंवा चावरे होण्याचा संभव वाढतो. म्हणून आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये.

कायदाही हेच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमाखाली केंद्र सरकारने 2017 साली कुत्र्यांची पैदास व विक्री ह्यांविषयी नियम केले. त्यांनुसार पैदासकाराने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत तिच्यापासून वेत घ्यावयाचे नाही. वर्षात एकापेक्षा अधिक नाही, जन्मात पाचांहून अधिक नाहीत, आणि आठ वर्षांच्या वयानंतर मुळीच नाही. तेव्हा पैदासकारास नोंदणीचा दाखला मागताना संकोच करू नये. प्रामाणिक मनुष्य तो आपण होऊन दाखवितो.

आता कागदपत्रांविषयी. केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था 1896 साली स्थापन झाली. तिच्या नोंदणीपत्रावर पिल्लाच्या पूर्वजांची नावे असतात. हा कागद उपयोगाचा खरा, पण तो वंशाचा दाखला आहे, आरोग्याचा नव्हे. लॅब्रॅडॉर व जर्मन शेफर्ड ह्या जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष वंशपरंपरेने उतरतो. पिल्लू दुडदुडत असते तोवर तो दिसत नाही, पुढे मात्र ते लंगडू लागते. म्हणून आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले आहेत काय, हे विचारावे. त्वचेखाली सूक्ष्म चिप बसविली असल्यास तिचा क्रमांक कागदावरील क्रमांकाशी पशुवैद्याकडून ताडून घ्यावा. लसीच्या पुस्तिकेत तारीख, लसीच्या बाटलीवरील चिठ्ठी आणि पशुवैद्याची सही, तिन्ही हवीत.

परंतु सर्व कागदांहून मोठा पुरावा एकच, तो म्हणजे पिल्लाची आई. ती जेथे राहते तेथे जावे आणि तिला पिल्लांसह पाहावे. ती अंगाने धड आहे काय? मालक जवळ येताच शेपूट हालवते, की अंग चोरते? जागा स्वच्छ आहे काय? "आई गावी आहे", "तुम्ही कशाला त्रास घेता, पिल्लू घरपोच आणून देतो", असे जो म्हणेल त्यास दुरूनच रामराम करावा. आईवरून पिल्लाचा स्वभाव कळतो, आणि माणसाचाही.

चांगल्या पैदासकाराची आणखी एक खूण आम्हांस पुढे प्रत्यक्ष पाहावयास मिळाली. आपण त्यास जितके प्रश्न विचारतो, त्याहून अधिक तो आपणांस विचारतो. घर केवढे? दुपारी घरी कोण असते? वरच्या मजल्यावर राहता काय? पुढे सांभाळणे जमले नाही तर काय कराल? असा मनुष्य पिल्लू परत घेण्याची तयारीही लेखी देतो.

जात निवडताना हवेचाही विचार व्हावा. आमच्या भोपाळात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो; तेथे दाट केसांचा हस्की आणणे म्हणजे त्या मुक्या जिवास शिक्षाच. आपल्या मुलखात काय उणे आहे? मुधोळचे शिकारी कुत्रे पाहा. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनी त्यांची जोपासना केली व एक जोडी इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज ह्यास भेट दिली. 2005 साली ह्या जातीचे चित्र भारताच्या टपाल तिकिटावर आले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे तिचे संशोधन व पैदास केंद्र आहे. मराठवाड्यात लातूरकडे ह्यांचेच भाऊबंद कारवानी म्हणून ओळखले जातात, आणि कानाशेपटीवर रेशमी झालर असलेल्यांस पश्मी म्हणतात. दोन्ही शब्द फारसीतून आले : कारवान म्हणजे काफिला, पश्म म्हणजे लोकर. मात्र हे धावणारे कुत्रे आहेत. ज्यास रोज मोकळे रान देता येणार नाही, त्याने त्यांचाही मोह धरू नये. आणि केवळ सोबत हवी असेल, तर गल्लीतले अनाथ पिल्लू लस टोचून घरी घेणे हे कोणत्याही जातिवंताहून कमी नाही.

त्या मुलाच्या घरी पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो, म्हणून पशुवैद्यांच्या सल्ल्याने त्यांनी वर्षभर दुसरे पिल्लू आणले नाही. मग एका पैदासकाराकडे वडिलांसह आम्हीही गेलो. पिल्ले पाच आठवड्यांची होती. वडील पैसे काढू लागले, तर ते गृहस्थ म्हणाले, "आज नाही मिळणार. तीन आठवड्यांनी या." परतताना मुलगा हिरमुसला होता, तरी पिल्लांची आई त्याच्या हातावर नाक टेकून गेली, हे त्याने वाटेत दोनदा सांगितले.

तीन आठवडे त्याने वहीत दिवस मोजले. ते पिल्लू आता वर्षाचे झाले आहे. संध्याकाळी तो मुलगा त्यास घेऊन आमच्या दारावरून जातो, आणि आम्ही अंगणात असलो तर घटकाभर थांबतो. पहिल्या पिल्लाविषयीचा तो प्रश्न त्याने पुन्हा विचारलेला नाही. तसा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्याही मुलावर विचारण्याची वेळ येऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.