सहलीचा डबा आणि खंडाळ्याचा घाट

खंडाळ्याची सहल ठरली की गाडीच्या वेळेआधी चर्चा सुरू होते ती खाण्याची. डब्यात काय न्यायचे, कर्जतला वडा घ्यायचा की नाही, चिक्की जाताना घ्यायची की येताना? अशी चर्चा कानावर पडली की मला एक जुनी सहल आठवते.

पावसाळ्याचे दिवस होते. महाविद्यालयातली पन्नासएक मुले बरोबर होती. आदल्या रात्री मोठ्या पातेल्यात मसालेभात शिजवला आणि वर घट्ट झाकण ठेवले. सकाळपर्यंत ऊब राहील, हा त्यामागचा विचार. हा सल्ला कोणाचा, तर भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझाच! दुपारी एक वाजता राजमाची पॉइंटवर पाने वाढली. भात कोमट होता, वास छान, चवही छान. चार वाजेपर्यंत वीसेक मुले उलट्यांनी हैराण झाली. रात्रीपर्यंत सगळी सावरली, पण त्या तीन तासांत माझी काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा.

भात तर चांगला शिजलेला होता. मग बिघडले काय?

तांदळावर बॅसिलस सीरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. बीजाणू म्हणजे जीवाणूने संकटकाळासाठी घेतलेले चिलखती रूप. उकळत्या पाण्यातही काही बीजाणू टिकतात. भात निवू लागला की ते जागे होतात आणि जीवाणू वाढू लागतात. 60 अंश सेल्सियसच्या वर आणि 5 अंशांच्या खाली बहुतेक जंतूंची वाढ थांबते. मधला पट्टा त्यांना मानवतो, त्यातही 30 ते 40 अंश फार. अनुकूल स्थितीत काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. एका जंतूपासून सुरुवात केली तर सहा तासांत किती होतील? अठरा वेळा दुप्पट, म्हणजे 2,62,144. माझा भात त्या पट्ट्यात रात्रभर होता!

आता पातेल्याचे गणित पाहा. उष्णता थरातून बाहेर पडायला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. परातीत 3 सेंटिमीटर जाडीचा भात पसरला आणि पातेल्यात तो 24 सेंटिमीटर भरला, तर जाडी आठपट, पण मधला भाग निवायला लागणारा वेळ चौसष्टपट! हा हिशेब ढोबळ आहे, कारण हवा आणि भांड्याचा धातूही त्यात भाग घेतात. तरीसुद्धा परातीतला भात तासाभरात निवतो आणि पातेल्याचा मधला भाग पहाटेही उबदार लागतो, हे तुमच्या आईला वर्ग-घन न शिकताही ठाऊक असते.

‘मग सकाळी पुन्हा खदखदून गरम केला असता तर?’ असे एका विद्यार्थ्याने मला नंतर विचारले. प्रश्न चांगला होता. जंतू मेले असते, पण उलटी घडवणारे त्यांचे विष राहिले असते. ते 121 अंशांवर दीड तास तापवले तरी टिकते. म्हणून भात एकतर वाफाळता खावा, नाहीतर लगेच पसरून निववून शीतकपाटात ठेवावा. आगगाडीच्या प्रवासात दोन्ही जमत नाही. तेव्हा भाताला घरीच राहू द्या.

आता गाडीत बसू. कर्जत ते लोणावळा हे अंतर 28 किलोमीटर. घाटातला हा लोहमार्ग 1863 साली सुरू झाला. त्याचा सर्वांत तीव्र चढ 37 मीटरला 1 मीटर आहे. या चढासाठी अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. गाडी थांबते आणि त्या थांब्यावर बटाटेवड्याची कीर्ती वाढली. वडा तळताना तेल साधारण 180 अंशांवर असते. वड्याभोवती उठणारे बुडबुडे तेलाचे नसून पाण्याच्या वाफेचे असतात. कढईतून समोर काढलेल्या वड्याबद्दल माझी तक्रार नाही. शंका घ्यायची तर ती ओल्या हिरव्या चटणीची, कारण तिच्यात कच्चे पाणी असते आणि ती तासन्‌तास उघडी असते. लसणाची कोरडी चटणी मागून घ्या. मला तर ती चवीलाही सरस वाटते.

गाडी वर चढते तसा हवेचा दाब कमी होतो. खंडाळा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. तिथे दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के कमी भरतो. मुंबईत घेतलेली वेफर्सची पिशवी घाटात टम्म फुगते ती यामुळेच. पिशवी फुगलेली दिसली म्हणून ती नासली असे समजू नका. डब्यात भरलेली ओली भाजी मात्र झाकण उचलू लागली, तर तो दोष घाटाचा नसण्याचीच शक्यता अधिक!

दाब कमी म्हणजे पाणी उकळण्याचे तापमानही कमी. खंडाळ्यात पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते. चार्ल्स डार्विनने 1835 साली अँडीज पर्वत ओलांडताना पाहिले, की रात्रभर उकळूनही बटाटे कच्चेच राहिले. आपल्या घाटात एवढी अडचण नाही. खळखळून मिनिटभर उकळलेले पाणी येथे पिण्यास निर्धोक असते, म्हणून नुकताच उकळलेला चहा सरबतापेक्षा भरवशाचा.

आणि चिक्की? तिचे शास्त्र वेगळेच आहे. गुळाचा पाक उकळताना त्यातले पाणी उडत जाते, तसा त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो. दीडशे अंशांच्या आसपास त्यात जेमतेम एखादा टक्का पाणी उरते. तो पाक थापून निववला की रेणूंना स्फटिकासारखे रांगेत बसायला सवड मिळत नाही; तयार होते ती एक प्रकारची काच, म्हणून चिक्की कट्‌कन मोडते. जंतूंना वाढायला मोकळे पाणी हवे, ते चिक्कीत नाही. उलट गूळच जंतूंच्या पेशीतले पाणी ओढून घेतो. हीच काच पावसाळी हवेतली वाफ शोषते आणि चिकट होते. म्हणून पुडके उघडले की घट्ट बंद करा.

आपल्या आज्या प्रवासाला दशमी आणि शेंगदाण्याची चटणी देत, ती याच बाजूची. दशमीची कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवतात. त्यामागे सोवळ्याचा विचार होता, जंतूंचा नव्हे. पण चांगली भाजून, निववून, कोरड्या फडक्यात बांधलेली दशमी दिवसभर सुखाने टिकते. गरम असतानाच डब्यात कोंडली तर वाफेचे पाणी होऊन तिच्यावरच पडते.

निखाऱ्यावरचे कणीस डोळे मिटून घ्या. फक्त सगळ्या कणसांवर फिरणारी लिंबाची ती एकच फोड नको म्हणा.

एवढे करूनही कोणाला उलट्या-जुलाब झालेच, तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजत राहा. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजच्या अशाच पाण्याने पटकीचे हजारो रोगी वाचवले. रोगी गळून गेला किंवा पाणीही पोटात ठरेना, तर मात्र घरगुती उपायात वेळ न घालवता त्याला दवाखान्यात न्यावे.

शिक्षकांनी सहलीच्या आधी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. सारखाच गरम भात घ्या. थोडा ताटात पसरा, उरलेला खोल डब्यात दाबून भरा. दोन्हींच्या मध्यभागी तापमापी खोचा आणि दर दहा मिनिटांनी नोंद करून आलेख काढा. 60 अंशांची रेषा कोणता भात केव्हा ओलांडतो आणि 30 अंशांपर्यंत यायला प्रत्येकाला किती वेळ लागतो, हे आलेखावरून वाचा. प्रयोगातला भात मात्र कोणी खाऊ नये.