समर्पण केलेले मूल कोणाचे?

प्रश्न : माझ्या ख्रिस्ती मैत्रिणीने रविवारच्या उपासनेत तिच्या चार महिन्यांच्या मुलाचे ‘समर्पण’ केले. पाळकांनी बाळाला हातांवर घेऊन प्रार्थना केली. पाणी मात्र कुठेच नव्हते. हा बाप्तिस्माच का? ‘देवाने आपले वचन पाळले,’ असे ती सारखे म्हणत होती. म्हणजे तिने नवस फेडला का? आणि त्या मुलाला पुढे पाळकच व्हावे लागणार का? — एक वाचिका, नाशिक

उत्तर : शेवटच्या शंकेचे उत्तर आधी : नाही. तो खुशाल शेती करील, नाहीतर बँकेत लागेल.

हा बाप्तिस्मा नव्हे. कॅथलिक, अँग्लिकन, लुथरन, मेथडिस्ट तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या म्हणतात, विश्वास ज्याचा त्याने ठेवायचा. म्हणून बाप्तिस्मा कळत्या वयात, आणि बाळाचे फक्त समर्पण. वाद जुना आहे, आणि एके काळी तो जिवावर बेतणारा होता. ऱ्हाईनकाठच्या वाल्ड्सहुट गावचा धर्मगुरू बाल्थाझर हुबमायर याने 1525 साली एका मित्राला कळवले होते की, तो बाळाला मंडळीपुढे आणतो, मत्तयाच्या शुभवर्तमानातला येशू आणि बालकांचा उतारा वाचतो, सगळे मिळून प्रार्थना करतात आणि बाळ आईबापांकडे परत जाते. पालक फारच हटून बसले तर तो बाप्तिस्माही देई! तीनच वर्षांनी व्हिएन्नात त्याला जिवंत जाळले. आपल्याकडे गोष्ट बरीच सौम्यपणे मिटली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यांत बॅप्टिस्टही होते, म्हणून तिथे दोन्ही रीती मान्य झाल्या.

आता नवसाचे. तुमची शंका अस्थानी नाही, कारण समर्पणाच्या वेळी हमखास वाचली जाणारी शमुवेलाची गोष्ट नवसाचीच आहे. एलकानाला दोन बायका. पनिन्नाला मुले होती, हन्नाला नव्हती, आणि सवत टोचून बोलायची. शिलोच्या मंदिरात हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करत होती. नुसते ओठ हलताना पाहून एली याजकाला वाटले, बाई प्यायली आहे. मुलगा दिलास तर तो जन्मभर तुझाच, असा तिचा नवस. मुलगा झाला, त्याचे दूध तुटले आणि तिने त्याला शिलोला नेऊन सोडले. त्या काळी मुले बरीच उशिरापर्यंत अंगावर पीत. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातली एक आई तीन वर्षे पाजल्याचे सांगते. म्हणजे शमुवेल चालता-बोलता झाला असणार. मग दर वर्षी हन्ना त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेई. मला या गोष्टीत नवसापेक्षा तो झगा मोठा वाटतो. देऊन टाकलेल्या मुलाचे माप आईला दर वर्षी नव्याने अंदाजाने धरावे लागले असेल.

आजच्या समर्पणात असा सौदा नसतो. मूल आधीच झालेले असते, ते घरीच परत जाते, आणि शपथ आईबाप घेतात : त्याला विश्वासात वाढवू. मंडळी हातभार लावण्याचे कबूल करते. बाळावर कसलेच बंधन येत नाही. बंधन येते ते मोठ्यांवर. त्यांनी सोडायचा असतो तो मुलावरचा मालकी हक्क. माझ्या मते सगळ्या विधीत कठीण भाग तोच, आणि तो केकच्या गडबडीत सहज निसटतो.

देवाच्या वचनाबद्दल मात्र तुमच्या मैत्रिणीच्या म्हणण्याला एक पुस्ती जोडावीशी वाटते. बायबलमधली वचने पुरी होतात, पण मागणाऱ्याच्या सोयीने नाही. अब्राहाम घर सोडून निघाला तेव्हा 75 वर्षांचा, इसहाक झाला तेव्हा 100 वर्षांचा. लूकच्या शुभवर्तमानात मरीया आणि योसेफ तान्ह्या येशूला यरुशलेमच्या मंदिरात आणतात. नियमाप्रमाणे कोकरू द्यायचे. ज्याला ते परवडत नाही त्याने पक्ष्यांची जोडी. त्यांनी पक्षी दिले. ख्रिस्ताला पाहिल्याशिवाय मरण येणार नाही, असे वचन मिळालेला शिमोन तिथेच होता. बाळ हाती घेऊन तो धन्य झाला, आणि लगेच मरीयेला म्हणाला की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. या प्रसंगाचा सण अनेक चर्च 2 फेब्रुवारीला, नाताळापासून चाळिसाव्या दिवशी, पाळतात. मेणबत्त्या आशीर्वादित होतात. तलवारीचे कोणी फारसे बोलत नाही.

तेव्हा समर्पण केले म्हणजे मूल सन्मार्गालाच लागणार, अशी हमी कोणी देत असेल तर त्याला शमुवेलाचेच पुस्तक पुढे वाचायला सांगावे. ज्या एलीच्या हाती हन्नाने मुलगा सोपवला, त्याचे स्वतःचे दोन मुलगे मंदिरातल्या बळीच्या मांसावर डल्ला मारत. शमुवेल निष्कलंक राहिला. त्याचे मुलगे योएल आणि अबीया बैर-शेब्यात न्यायाधीश झाले आणि लाच खाऊ लागले. वैतागलेल्या लोकांनी शेवटी म्हाताऱ्या शमुवेलाकडे राजा मागितला.